पाणखारच्या वेदीवरचा क्रूस

वसईच्या खाडीकाठी पाणखार नावाचं गाव आहे. तिथे पाद्रे आंतोन राहत. गाव त्यांना पाद्रीबाबा म्हणे. अंगात एकच ठिगळं लावलेला झगा, पण दारी आलेला माणूस उपाशी परत गेला असं कधी झालं नाही. भाविकहो, अशा पुण्यवंताच्या डोळ्यांदेखत घडलेली ही गोष्ट!

गावात नवं चर्च उभं राहिलं होतं. इनास सुताराने फणसाच्या लाकडातून क्रूसावरचा येशू कोरला. दिवसभर लोकांची कामं करायची आणि घरी आलं की हे, असं दीड वर्ष चाललं. वर आलेल्या बरगड्या, सोललेले गुडघे, कललेली मान. बघणाऱ्याच्या काळजात कालवाकालव व्हावी!

नव्या चर्चच्या सणाच्या आदल्या दुपारी इनासने क्रूस वेदीच्या वर लावला, आणि तो नि पाद्रीबाबा शेवटच्या बाकावर बसून बघू लागले. अधू नजरेच्या म्हातारीलाही तो मागून दिसला पाहिजे, असा बाबांचा आग्रह होता.

तेवढ्यात जुवांव पाटील आले. गावातलं बडं प्रस्थ! चर्चसाठी त्यांनी गोव्याहून सोनेरी मुलाम्याचा संत पीटर आणला होता.

"हे काय टांगलंय?" पाटील कडाडले. "उद्या माझे व्याही येणार आणि वेदीवर हा हाडांचा सापळा? इनास, तू आपल्या खाटा ठोक! मधोमध माझा संत पीटर बसेल. हा लाव कुठंतरी दाराशी."

इनासने मान खाली घातली. डोळे भरून आले बिचाऱ्याचे.

पाद्रीबाबा शांतपणे म्हणाले, "जुवांव, मिस्साच्या उपासनेवेळी या वेदीवर काय अर्पण होतं? त्याचंच शरीर, त्याचंच रक्त. मग अर्पण इथं आणि ज्यानं जीव दिला तो दाराशी? तुझ्या संताला बाजूला मानाची जागा देऊ. त्यालाही याच्याकडेच बघत राहायला आवडेल."

"तुम्ही काढत नसाल तर मी काढतो!" म्हणत पाटील शिडी चढले.

"पाटील, नका हो! तो अजून..." इनास धावला. पण ऐकतो कोण!

पाटलांनी वर हात घातला आणि गुळगुळीत फरशीवरून शिडी सटकली. एवढा धिप्पाड माणूस, येशूच्या दोन्ही हातांना धरून लोंबकळू लागला! खाली वेदीची दगडी पायरी.

"मेलो, मेलो! वाचवा!"

पाद्रीबाबांनी गुडघे टेकले. "जुवांव, घट्ट धर! तो तुला सोडायचा नाही!"

इनासने शिडी उचलून लावली. पाटील उतरले ते घामाने चिंब होऊन. मग इनास वर गेला आणि क्रूसाच्या मागे बघून हुंदके देऊ लागला.

"बाबा, आशीर्वाद झाल्याशिवाय मी क्रूस पक्का करत नाही. उंची बघायला म्हणून नुसत्या सुतळीनं अडकवला होता. सुतळीचा पीळसुद्धा सुटला नाही हो!"

धन्य तो प्रभू! पाटील त्या कललेल्या मुखाकडे बघतच राहिले.

"एवढं बोललो मी तुला," ते पुटपुटले, "आणि तूच धरलंस मला?"

आशीर्वादासाठी क्रूस खाली उतरवला. जन्मात कुणापुढे न वाकलेले पाटील आधी इनाससमोर हात जोडून उभे राहिले. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी येशूच्या खिळलेल्या पायांचं चुंबन घेतलं आणि कितीतरी वेळ तिथून डोकं उचललं नाही.