आधी उलटं लटका

झाडांवर शाळा भरायच्या, तेव्हाची गोष्ट. चिंचेवरच्या सरकारी शाळेत वटवाघूळ मास्तर उडायला शिकवायचा. पण आधी उलटं लटकून प्रार्थना! साळुंकीचं पिल्लू रोज डोक्यावर आपटायचं.

"मास्तर, खाली मांजर टपलंय. तुमच्या या प्रार्थनेपायी माझं पोर उडणार कधी?" साळुंकी म्हणाली.

"बाई, ही प्रार्थना नाही, शिस्त आहे."

पुढं मास्तरची बदली झाली, कोंबडा आला. त्याचा हुकूम: आधी सूर्याकडं डोळे फाडून बांग द्या! वटवाघूळ मास्तरचं पोर याच शाळेत, त्याचेच डोळे सुजले. मास्तर तणतणत आला, "माझ्या पोरावर तुझा धर्म लादतोस?"

साळुंकी म्हणाली, "धर्म कसला, मास्तर? शिस्त आहे."

मास्तर वरमला. मग ठरलं, लटकणं घरी, बांग घरी, शाळेत नुसतं उडणं. आठवड्यात सगळी पिल्लं उडाली.

मांजर अजून खालीच बसलंय, उपाशी.