उजवीकडचा बैल

फार पूर्वी गुरांच्या बाजारात हरण्या नावाचा बैल विकायला उभा होता. दिवस मावळला की उरलेली गुरं दलाल घेऊन जाई, आणि ती पुन्हा कुणाला दिसत नसत. तीन गिऱ्हाइकांनी हरण्याला आपल्या बैलाशेजारी जुंपून पाहिलं आणि परत बांधलं.

“माझ्यातच खोट आहे, मावशी,” तो शेजारच्या म्हशीला म्हणाला.

“खोट कसली? त्यांना डावीकडचा बैल हवा होता. तू जन्मभर उजवीकडे चाललास.”

“मग आता डावीकडे चालतो.”

“चाल, आणि पड तोंडघशी!”

दलाल दावं सोडू लागला, तोच एक शेतकरी आपला बैल घेऊन आला. त्याने जू पुढे केलं. हरण्याचे पाय डावीकडे वळले. मग तो मागे सरला आणि उजवीकडे जाऊन उभा राहिला.

“ये गड्या,” शेजारचा बैल म्हणाला, “ही बाजू पेरणीपासून रिकामी आहे.”