गर्जनेचा वसा

एका रानात वाघ राज्य करत होता. वाघ फार चांगला होता. नव्हता असं म्हणणारे दोघे-तिघे होते, पण आता ते नाहीत, त्यामुळे या बाबतीत रानात एकमत आहे.

राजा पुढच्या उजव्या पायाने लंगडायचा. तरुणपणी भूक नसताना त्याने एका सायाळीवर पंजा टाकला होता आणि तिचा काटा पंजात मोडला तो मोडलाच. दरबारात मात्र त्याला लंगडणं म्हणत नसत. महाराज विचारपूर्वक पाऊल टाकतात, असं म्हणत.

याच रानात ओढ्याकाठच्या बिळात गोदाक्का नावाची सायाळ राहायची. नवरा भिवा, एकुलती लेक इवली. गोदाक्का नेमाची बाई. सकाळी मुंग्यांना कंदाचा चुरा घातल्याशिवाय तिच्या तोंडात काही जात नसे.

इवली मोहाच्या झाडाखालच्या सरकारी शाळेत पहिलीत होती. तिथे टिटवीबाई शिकवत. त्या शाळेला फी नव्हती, भिंती नव्हत्या, आणि बऱ्याचदा बाईही नसत. बाईंना सरकारी कामं असत. वाळव्या मोजायच्या. मोजलेल्या वाळव्या मतदार यादीत घालायच्या. पोरांनी खिचडी खाल्ली की खाल्ल्याचा दाखला वर पाठवायचा. उरलेल्या वेळात बाई एकच धडा पोरांकडून घोटून घेत, आणि ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे घेत. इवलीचा धडा असा होता: खसफस ऐकली की थांबायचं. थांबलं की पाठ फिरवायची. पाठ फिरवली की काटे फुलवायचे. आणि मग मागे मागे यायचं.

इवली रोज घरी येऊन हे बापावर करून दाखवायची. भिवाची नडगी वर्षभर सुजलेली होती आणि त्याला त्याचा अभिमान होता.

एके दिवशी शेजारची मुंगशीण द्वारकाबाई आली. म्हणाली, “गोदाक्का, तुम्हाला एक वसा सांगते.”

त्या रानातल्या बायकांची एक रीत होती. कुणी वसा सांगितला तर कशासाठी म्हणून विचारायचं नाही. काय करावं लागतं आणि उद्यापन कधी, एवढंच विचारायचं.

“काय करावं लागतं?” गोदाक्काने विचारलं.

“पोर कोल्हेसाहेबांच्या शाळेत घालायचं. दर चतुर्थीला आपल्या अंगचं काहीतरी द्यायचं. बारा वर्षांनी उद्यापन. पोर वाघासारखी डरकाळी फोडतं.”

“तुमचा बंड्या फोडतो?”

“फोडतो म्हणजे? परवा दारात साप आला. बंड्याने अश्शी डरकाळी फोडली म्हणता!”

“मग?”

“मग काय, साप आत आला. पण उच्चार काय शुद्ध होता हो!”

द्वारकाबाईने जाता जाता बिळात डोकावून म्हटलं, “तुमची इवली अजून मोहाखालीच का? असू दे. सगळ्यांनाच नाही झेपत.”

तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी गोदाक्का इवलीला घेऊन वनराज इंटरनॅशनल गर्जना स्कूलच्या दारात उभी राहिली.

कोल्हेसाहेब हे शिक्षणमंत्री लांडग्यांचे जावई. त्यांना शिक्षणाचं फार वेड होतं. लग्नानंतर लागलेलं. त्यांनी मुलाखत घेतली, ती आईची.

“मातोश्री, आपण घरी गुरगुरता का?”

“नाही हो. कंद उकरताना कधी हुंकारते, एवढंच.”

“हेच ते. घरात वातावरण नाही.” त्यांनी तिच्या पाठीवरून सावकाश नजर फिरवली. “काटे मात्र संस्कारी दिसतात. प्रवेशाचे चाळीस. गणवेशाचे वेगळे.”

गणवेश म्हणजे काजळीचे पट्टे. ते शाळेच्याच खिडकीवर घ्यायचे आणि पाऊस पडला की धुऊन जायचे. पाऊस शाळेच्या नियमांत बसत नव्हता, त्यामुळे पट्टे पुन्हा घ्यावे लागत. आणखी एक नियम होता. पोरांचे काटे वेलीने बांधून अंगाला चपटे ठेवायचे. ताठ काटे असभ्य दिसतात.

चतुर्थीमागून चतुर्थी आली. काटे उपटले की पुन्हा येतात हे खरं, पण फी त्याहून लवकर येते. क्रीडा फी आली, तरी मैदानाचं कुरण मंत्र्यांच्या मेहुण्याने चरून संपवलं होतं. गोदाक्का रांगेत उभी राही आणि पुढे-मागे बघे. काळवीट शिंगं उतरवून देत होते. खेकडीण दोन्ही नांग्या ठेवून आडवी चालत घरी गेली. ती आधीही आडवीच चालायची, त्यामुळे शाळेवर आक्षेप घेता आला नाही. मधमाशीने डंख दिला आणि फी भरून ती जागीच मेली. कोल्हेसाहेबांनी दोन मिनिटं स्तब्धता पाळली, मग म्हणाले, “नेक्स्ट.”

सगळा माल राजवाड्याच्या कोठारात जाई. महाराजांच्या देखरेखीखाली सुरक्षित आहे, असं पाटीवर लिहिलं होतं.

“अगं, तुझ्या पाठीवरून आता वारा सरळ जातो,” भिवा एकदा म्हणाला. “पोरीला झाकायचं कुणी? ने तिला परत मोहाखाली.”

“वसा मध्येच सोडतात होय? भलतं काही झालं पोरीला म्हणजे?”

आणि तिने पुढची चतुर्थी भरली.

मोहाखाली पोरं कमी होत चालली होती. सरकारने नियम काढला की वीसपेक्षा कमी शेपट्या भरल्या तर शाळा बंद. बेडकांची पोरं इमानाने सरकारी शाळेत यायची, पण दुसरीत गेली की त्यांच्या शेपट्या गळत. तपासणीला आलेला कावळा म्हणे, “बाई, हे विद्यार्थी मला दिसत नाहीत.” बेडूक त्याच्यासमोर उभे राहून मोठमोठ्याने पाढे म्हणत.

मग गर्जना स्कूलचं स्नेहसंमेलन आलं. निवडणूक तोंडावर होती. राजा बिनविरोध निवडून येणार होता, कारण विरोध करणारे कसे नाहीत ते वर सांगितलंच आहे. तरी त्याला लहान मुलांबरोबर दिसायचं होतं. टिटवीबाईंना तिथे टाळ्या मोजायची ड्युटी लागली होती. त्या एका खांबावर बसून खुणा करत होत्या.

राजा मंचावर बसला. म्हणाला, “बंधूंनो आणि भगिनींनो! आज माझ्या रानात कुणाच्या अंगावर शिंग नाही, नांगी नाही, डंख नाही! यालाच मी सुसंस्कृत समाज म्हणतो!”

टाळ्या पडल्या. बाईंनी मोजल्या.

कोल्हेसाहेबांनी इवलीला पुढे ढकललं. “महाराज, ही सायाळीची मुलगी. डरकाळी ऐका.”

इवलीने पट्टे सावरले आणि केलं, “घर्र.”

त्यापेक्षा ओढ्यातला बुडबुडा बरा वाजतो. पण राजा खूश झाला. खाली उतरला, विचारपूर्वक पावलं टाकत अगदी तिच्यापाशी आला. इवलीचे काटे वेलीने बांधलेले होते. शाळेत शिकवल्याप्रमाणे ती महाराजांकडे तोंड करून, मऊ गळा वर करून, हसत उभी होती. राजाच्या जिभेचं टोक बाहेर आलं आणि आत गेलं.

ते पहिल्या रांगेत बसलेल्या गोदाक्काने पाहिलं. ती उठली. पाठ ताठ केली, तर पाठीवर सातच काटे उभे राहिले. शेजारची द्वारकाबाई तिचा पाय ओढून म्हणाली, “बसा हो, मागच्यांना दिसत नाही.”

“इवले!” गोदाक्का ओरडली. पण पुढे काय सांगायचं ते तिला सुचेना. ते शिकवायचं काम तिने दुसऱ्याकडे दिलं होतं.

तेवढ्यात खांबावरून कर्कश आवाज आला, “थांब! पाठ फिरव! फुलव! मागे ये!”

असल्या गोष्टी डोक्यात राहत नाहीत. अंगात राहतात. इवली गर्रकन वळली, काटे फुलले, वेल तटकन तुटली, आणि पोर मागे मागे गेली ती थेट राजाच्या डाव्या पंजावर.

त्या दिवशी रानाने खरी डरकाळी ऐकली. कोल्हेसाहेबांना ती कुठल्या धड्यात बसवावी हे कळेना.

राजाने जेवायचं सोडून पंजा चाटायला घेतला आणि तेवढ्या गडबडीत गोदाक्काने लेक पोटाखाली घेऊन बीळ गाठलं. भिवाने दार लावलं.

संध्याकाळी राजपत्र निघालं. स्नेहसंमेलन उत्साहात पार पडलं. ड्युटीवर असताना शिकवल्याबद्दल टिटवीबाईंचा पगार रोखण्यात आला. महाराज आता दोन्ही पायांनी सारखेच लंगडत होते, म्हणून त्यांची चाल सरळ दिसत होती. ती नव्या शैक्षणिक धोरणाची फलश्रुती असल्याचं जाहीर झालं.

सकाळी गोदाक्काने मुंग्यांना चुरा घातला, काजळीचे पट्टे ओढ्यात सोडले आणि हात जोडून म्हणाली, “देवा, बारा वर्षांचं उद्यापन आजच करते. चूक झाली असेल तर मला बोल, पोरीला नको.” मग ती द्वारकाबाईच्या दारात गेली.

“द्वारकाबाई, तुम्हाला एक वसा सांगते.”

द्वारकाबाईच्या घरात अजून तो साप होता. शुद्ध उच्चार ऐकून ऐकून तो लठ्ठ झाला होता. तिने लगेच विचारलं, “काय करावं लागतं?”

“पोर मोहाखाली घालायचं. अंगचं काही कुणाला द्यायचं नाही.”

“आणि उद्यापन?”

“नाही. हा वसा कायमचा आहे.”

रीतीप्रमाणे कुणीच कशासाठी विचारलं नाही, त्यामुळे बातमी पटकन पसरली. कावळा तपासणीला आला तर एकोणतीस शेपट्या. सरकारने त्याच दिवशी किमान आकडा तीस केला. दुसऱ्या दिवशी काळविटीण दोन पाडसं घेऊन आली.

बंद करता येईना, तेव्हा राजाने शाळेवर प्रेम करायचं ठरवलं. तो प्रचाराला मोहाखाली आला. मंत्र्यांची पोरं त्या वेळी पलीकडच्या रानात, सिंहाकडे शिकायला गेलेली होती.

“बंधूंनो आणि भगिनींनो!” राजा गुरगुरला. “मी स्वतः याच झाडाखाली शिकलो! याच मातीत...”

पोरांनी खसफस ऐकली. पोरं थांबली. इवलीने पाठ फिरवली, बंड्याने दात काढले, ज्याचं जे होतं ते त्याने काढलं, आणि सगळा वर्ग मागे, पुढे, आडवा, जसा ज्याचा धडा तसा, राजाच्या दिशेने सरकू लागला. टिटवीबाई, बिनपगारी, फांदीवर बसून चुका काढत होत्या.

महाराजांचं आजवरचं सर्वांत आटोपशीर भाषण म्हणून त्याची नोंद आहे.