आतला रंग, बाहेरचा रंग

गडहिंग्लजच्या शिवलिंग पेंटरकडे माजी सभापती आबासाहेबांनी बारा वर्षांची लाल मोटार आणली. चेपलेलं दार त्यानं सरळ केलं. "कंपनीनं ठरवलेल्या नंबराचाच रंग लाव, तुझी अक्कल चालवू नकोस," असं त्यांनी बजावलं. रंगवल्यावर दार झगझगीत आणि बाकीची गाडी विटकी दिसू लागली.

"रंग चुकवलास! उद्यापासून तुझं दुकान बंद," आबासाहेब गरजले.

 शिवलिंगनं पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण उघडलं. ऊन न लागलेला आतला रंग दाराशी तंतोतंत जुळत होता.

"नंबर बरोबरच आहे, आबासाहेब. सदऱ्याच्या आत मीही अजून नवरदेवाच्याच रंगाचा आहे. पण बायकोला संसार करावा लागतो तो ह्या रापलेल्या तोंडाशी!"

आबासाहेबांना हसू आवरेना. "मग नंबर राहू दे," ते म्हणाले, "दारही तुझ्या तोंडासारखं रापवून दे."