राहिलेलं जावळ

"मग पाप कुणाचं, तेवढं सांगा, माई."

रंगरावांनी पुन्हा तेच विचारलं.

सगुणामाई घाटावरच्या मठात राहत. वय झालेलं, डोकं गुळगुळीत, बोलणं कमी. रंगराव त्यांचे जुने शिष्य. रोजची पोथी त्यांनी कधी चुकवली नाही, एकादशी चुकवली नाही, आणि हे दोन्ही लोकांना सांगायचंही चुकवलं नाही.

सात वर्षांची नात, रेवा, त्यांच्या शेजारी बसली होती. तोंडाला मास्क. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, उपचार लांबतील, पण यातून पुष्कळ मुलं बरी होतात. रंगरावांचं तेवढ्यानं भागत नव्हतं. त्यांना कारण हवं होतं.

माई रेवाकडे बघत होत्या.

रेवा मास्कच्या कडेनं बोट घालून तोंडात गेलेला केस काढत होती. तो निघाला की दुसरा... फ्रॉकच्या खांद्यांवर पुंजके पडले होते.

"खाजतं?"

"हो. आणि भातात येतात." मग तिनं माईंच्या डोक्याकडे नीट पाहिलं. "तुमचे पण औषधानं गेले?"

"नाही गं. माझे हट्टानं गेले."

रेवा मास्कच्या आत हसली.

माईंनी रंगरावांना विचारलं, हिचे केस अजून काढले का नाहीत. रंगराव म्हणाले, हॉस्पिटलातल्या सिस्टर मागे लागल्यात, सूनही रोज डोळ्यांत पाणी आणून विचारते. पण मुलीचं डोकं भादरणं अशुभ. त्यांच्या घरात मुलीचे केस एकदाच उतरवतात, जावळाला. ते रीतसर झालं होतं. केस जमिनीला लागू नयेत म्हणून आत्यानं पदरात झेलले होते. आणि जावळ काही दोनदा होत नाही.

"कुणाच्या मांडीवर झालं?"

"मामाच्या. रीतच आहे ती."

"कुठल्या मामाच्या?"

रंगराव खांद्यावरचं उपरणं सारखं करू लागले...

रेवाला सख्खा मामा एकच, विलास. त्याचं बाजारपेठेत सलून. मुलानं सलूनवाल्याची बहीण लग्न करून आणली, तेव्हा रंगरावांनी सून उंबऱ्याच्या आत घेतली आणि तिचं माहेर बाहेर ठेवलं. जावळाला मामा म्हणून शेजारचे वकील बसवले. वकिलांनी मांडी दिली, मामाच्या मानाचं झबलं दिलं, जेवले आणि गेले. फोटो छान आले.

रंगरावांनी हे माईंना सांगितलं. फोटोंचं आधी, वकिलांचं नंतर.

"मग ते झालंच नाही," माई म्हणाल्या.

रंगराव एकदम पुढे सरकले. इतके दिवस शोधत होते ते हाती लागल्यासारखे. "म्हणजे... त्याच्यामुळंच हे?"

"नाही. त्यानं फक्त जावळ राहिलं."

रंगराव पुन्हा मागे सरकले.

"आज गाडी कुणी आणली?"

उत्तर रेवानं दिलं. विलासमामानं. हॉस्पिटलातही तोच नेतो. बाबांना कारखान्यातून रजा मिळत नाही आणि आबांना तिथला वास सहन होत नाही. मामा बाहेर चपलांपाशी बसलाय. मागे तिला रक्त लागलं तेव्हा मामानं दिलं, आणि पुरेना तेव्हा दुकानात दाढीला आलेली माणसंही घेऊन आला. एक काका तर अर्ध्याच दाढीनं आले होते. सिस्टरना हसू आवरेना.

"आबा, माझ्यात आता मामाच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं रक्त आहे."

रंगरावांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

"त्याला आत बोलवा," माई म्हणाल्या.

"माई, त्यानं आजवर आमचा उंबरा..."

"हा तुमचा उंबरा नाही."

रंगराव जागचे हलले नाहीत. रेवानंच हाक मारली.

विलास आला आणि दारातच थांबला. केस काढायचं मशीन आहे का, असं माईंनी विचारलं. तो म्हणाला, गाडीत आहे. वस्तरा लावू नका, मशीनच वापरा, असं सिस्टरनी सांगितल्या दिवसापासून ते गाडीतच असतं, चार्ज केलेलं. ताई म्हणाली होती, आबा हो म्हणेपर्यंत थांब.

"घेऊन ये. आणि मांडी घालून बस."

त्यानं मशीन पुसलं. हातांना सॅनिटायझर चोळलं. रेवा त्याच्या मांडीवर जाऊन बसली. जावळाचं वय केव्हाच मागे पडलेलं, पाय खाली फरशीवर आले. एरवी जावळाला दोन माणसं लागतात, एक मांडी द्यायला, एक केस उतरवायला. इथं एकातच भागत होतं.

"मामा, तुझ्या पॅन्टवर केस पडतील."

"माझ्या पॅन्टवर दुसरं काय पडतं गं?"

त्यानं मशीन तिच्या कपाळापाशी नेलं. सुरू केलं नाही.

"आबा...?" त्यानं विचारलं.

रंगराव माईंकडे बघत राहिले. माई त्यांच्याकडे.

नदीवर कुणीतरी कपडे धूत होतं, तो आवाज तेवढा येत होता. मशीन लागण्याआधीच एक पुंजका आपोआप सुटला आणि फरशीवर पडला.

रेवानं तो पाहिला. मग आबांकडे पाहिलं.

"माई," रंगराव म्हणाले. कधीही कुठला विधी कुणाला न विचारणारा माणूस. "मी... मी काय करू?"

माई उठल्या. त्यांनी रंगरावांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून काढलं, पसरलं, आणि त्याची दोन टोकं त्यांच्या दोन हातांत दिली.

"धरा. आता एकही खाली पडू देऊ नका."