मखरात बसलेला पाटा

फार फार वर्षांमागं, राजेसुद्धा स्वतःच्या पायांनी वाट चुकायचे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐका, आणि स्वतःला मोठे समजणाऱ्यांनी तर ऐकाच.

एका घाटाच्या पायथ्याशी एका बाईची खाणावळ होती. ज्वारीची भाकरी आणि पाट्यावर वाटलेली लसूण-मिरचीची चटणी, बाकी काही मिळायचं नाही. घाट चढण्याआधी गाडीवाले तिथं जेवत आणि बाईच्या शिव्याही मुकाट खात.

एकदा शिकारीत वाट चुकलेला राजा तिथं आला. धुळीनं इतका माखलेला, की त्याला ओळखणार कोण?

"हात धू आणि बस," बाई म्हणाली.

राजा जेवला. नाक पुसत म्हणाला, "बाई, ही चटणी वाटता कशावर?"

"पाट्यावर. तुझ्या डोक्यावर वाटू का?"

राजा पोट धरून हसला. जाताना पाट्याला हात लावून म्हणाला, "धन्य हा पाटा. मी पुन्हा येईन."

दुसऱ्या दिवशी कळलं, तो राजा होता. गावचा पाटील धावत आला. "राजाचा हात लागलेल्या पाट्यावर मिरच्या रगडणार? पाप लागेल, बाई."

बाईलाही ते गोड लागलं. मान कुणाला नको असतो? पाटा चौथऱ्यावर गेला. त्याला शेंदूर लागला, तेल लागलं, चांदीचे डोळे बसले, वर मखर आलं. चटणीसाठी बाजारातून नवा पाटा आणला. तो निघाला ठिसूळ दगडाचा. गाडीवाल्यांनी आधी नमस्कार करायचा, मग जेवायचं. वर बाई "यावे, बसावे" म्हणू लागली. तिथंच गाडीवाले घाबरले. दाताखाली कच आल्यावर तर ते झाडाखाली आपापली शिदोरी सोडू लागले.

चूल थंड पडली. राजा येईल, त्याचं बघून सगळे परततील, एवढीच आशा बाईला उरली.

आणि राजा आला. सासूबाईंना घेऊन आला. वाटभर त्यानं चटणीचं कौतुक सांगितलं होतं. पहिला घास घेतला, कचकन आवाज झाला.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या राज्यात वाळूला फोडणी देतात का?"

राजाचे कान लाल झाले. "बाई, तो पाटा कुठं आहे?"

पाटलानं मोठ्या ऐटीत मखर दाखवलं. राजा बघतच राहिला.

"मी भूक घेऊन आलो होतो," तो म्हणाला, "नवस घेऊन नाही." आणि उपाशीच निघून गेला.

बाई तडक चौथऱ्यावर चढली. मग तिनं चांदीचे डोळे उपटून पाटलाच्या हातावर ठेवले.

"बाई, देवाचा कोप होईल."

"झालाय की. चूल विझली, आणखी काय व्हायचं राहिलंय?"

तिनं पाथरवटाला बोलावलं. तेल-शेंदूर मुरलेला थर त्यानं खरवडून काढला आणि नव्यानं टाकी लावली. पाटा बोटभर पातळ झाला, पण पुन्हा मिरची धरू लागला. ठसका झाडाखाली पोचला, आणि मागोमाग बाईचा आवाज: "मेल्यांनो, भाकरी थंड होतेय, आमंत्रण हवंय का?"

गाडीवाले धावत आले.

राजा पुन्हा आला की नाही, मला ठाऊक नाही. सासूबाई मात्र आल्या म्हणतात, जावयाला न सांगता.

तात्पर्य: पाटा असो की माणूस, कामात झिजला तरी कामाचा राहतो, मखरात बसला की वाया जातो.