सही बाकी असलेला गेम

घेतलेली वस्तू घेणाऱ्याची, की देणाऱ्याची? धाकट्याने हे कितीतरी जणांना विचारलं. ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

नदीकाठच्या एका नगरात व्हिडिओ गेम काढणारी एक पेढी होती. तिथे दोघे भाऊ कामाला होते. थोरला गेम तयार करायचा आणि धाकटा त्यांच्या सीड्या डब्यांत भरून गाडीवर चढवायचा. थोरला शिकलेला आणि शांत. धाकटा चौथीतून शाळा सोडून पळालेला, आणि स्वभाव असा की चुलीवरच्या दुधाआधी हाच उतू जायचा.

पेढीचं सगळं काम एका लांबलचक दालनात चाले. काही अडलं की जागेवरून हाक मारायची. चार टेबलांपलीकडून ओ यायची आणि काम पुढे सरकायचं.

एकदा मालक मोठ्या शहरात जाऊन आले आणि म्हणाले, "डबे बंद. आता गेम इंटरनेटच्या तारेतून थेट लोकांच्या घरी जाणार."

धाकटा उखडला. "आणि मी काय तारेवर चढू?"

थोरला हसला. "अरे, आपली गाडी जात नाही त्या गावातही गेम पोचेल. चांगलंच आहे की."

दादा म्हणतो म्हणजे खरंच असणार, म्हणून धाकटा उरलेले डबे आवरायला लागला.

ते खरं होतंही. पण मालकांनी त्याच झटक्यात दालन मोडून तीन मजले बांधले. पहिल्यावर गेम करणारे, दुसऱ्यावर पाठवणारे, तिसऱ्यावर सांभाळणारे. प्रत्येक मजल्याला जाड दार, आणि दारावर पाटी: 'विचारायचे ते लिहून द्यावे.' धाकट्याला तळाशी तक्रारींच्या टेबलावर बसवलं. एकेक तक्रार वाचायला त्याला अर्धा तास लागायचा.

थोरल्याने शेवटचा गेम केला तो नावेचा. नाव वल्हवत नदी पार करायची, एवढंच. डब्यातला गेम लोकांच्या घरात राहायचा. हा मात्र पेढीच्या सर्व्हरवर राहायचा आणि घरी नुसता दिसायचा. सर्व्हरवरून गेला की सगळ्यांकडून गेला.

मग थोरला तापाने पडला आणि आठवड्याभरात गेला. तेरावा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी धाकटा कामावर हजर. घरात त्याला बसवेना.

थोरला गेल्यावर नऊ आठवड्यांनी पेढीने जुने सर्व्हर काढून नवे बसवले. सकाळी टेबलावर तक्रारींचा ढीग. पहिलीच एका म्हाताऱ्या नावाड्याची होती: 'गुडघे गेल्यापासून मी तुमच्या गेमातच नाव चालवतो. आज नाव नाही, नदीही नाही. विकलेली नाव परत नेताना विचारायची रीत नाही का तुमच्यात?'

धाकटा तरातरा पहिल्या मजल्यावर गेला.

"आम्ही गेम केला," करणारे म्हणाले. "पाठवणं त्यांचं."

"आम्ही पाठवला," दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले. "सांभाळणं त्यांचं."

तिसऱ्या मजल्यावरचा प्रमुख चहा पीत होता. "हे बघा भाऊ, नव्या सर्व्हरवर काय न्यायचं त्याचा कागद सही होऊन आला, तर आम्ही नेतो. नावेच्या गेमची सही बाकी होती."

"कुणाची?"

त्याने फाइल उघडली. "तुमच्या दादांची. कागद त्यांच्याच टेबलावर पाठवलाय."

"अहो, दादाला जाऊन नऊ आठवडे झाले! तुम्ही खांदा दिलात त्याला!"

"ते मी आलो होतो. पण मजल्याकडे तसं लेखी आलेलं नाही."

धाकट्याने फाइल उचलून खिडकीबाहेर भिरकावली आणि मालकांना गाठलं. जुने सर्व्हर तोवर भंगारात गेले होते. थोरल्याचं मशीन कधीच पुसून नव्या माणसाला दिलं होतं.

"जाऊ दे रे," मालक म्हणाले. "दुसरा गेम फुकट देऊ. लोक विसरतात."

"किती दिवसांत?" धाकट्याने विचारलं.

आणि तो तडक घरी निघाला.

घरी थोरल्याचा जुना लॅपटॉप होता. धाकट्याने तो फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. गेम करताना थोरला स्वतःशी बोलत आवाज भरून ठेवायचा. 'धाकट्या, इथे नाव उलटते बघ,' म्हणून हसायचा. ते सगळं त्यात होतं, आणि नावेच्या गेमची एक प्रतही. ऐकायची छाती अजून झाली नव्हती. तो लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला.

दुरुस्तीवाल्याने कान लावून पाहिलं. "डिस्क घरघरतेय. एक काहीतरी निघेल, दोन्ही निघणार नाही. गेम काढू, की आवाज?"

धाकट्याने दुकानाला दोन फेऱ्या मारल्या. स्टुलाला लाथ घातली. स्टूल पडलं, ते स्वतःच उचलून ठेवलं.

"गेम काढा. लवकर काढा, नाहीतर मी नको म्हणेन."

गेम निघाला. मग डिस्क बंद पडली ती कायमची.

"आवाज?" धाकट्याने तरीही विचारलं. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप पुन्हा फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने तो मालकांकडून नव्या सर्व्हरवर चढवून घेतला आणि गेम पुन्हा घरोघरी दिसू लागला. दुपारी नावाड्याचा निरोप आला: 'नाव मिळाली. डावं वल्हं जड लागतं, पण ते पहिल्यापासूनच होतं.' तो वाचून धाकटा हसला, आणि मग टेबलावर डोकं टेकून बराच वेळ रडला.

मालकांनी त्याला बोलावलं. "पेढीची अब्रू राखलीस. तुला तिसऱ्या मजल्याचा प्रमुख करतो."

"मला मजला नको. पाना द्या."

"पाना? कशाला?"

धाकटा पाना घेऊन वर चढला आणि एकेका मजल्याच्या दाराच्या बिजागऱ्या सोडवू लागला. प्रमुख म्हणाला, "याचा अर्ज केलाय का?" धाकट्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने दार धरायला हात लावला. तिसरं दार सगळ्यांत जड निघालं. ते धाकट्याने पाठीवर घेऊन खाली आणलं, अंगणातल्या भिंतीला टेकवलं, मालकांच्या हातात पाना दिला आणि पेढी सोडून निघून गेला.

तात्पर्य: वस्तू डब्यातून द्या नाहीतर तारेतून द्या, पण 'ते माझं काम नाही' म्हणणारे तिघे जिथे जमतात, तिथे दिलेली वस्तू कुणीच सांभाळत नाही.